एक गड, एक हात

बोरी, ता. जिंतूर
दि. १४ ऑक्टोबर २०२४

ती. झुंबर आत्यास,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याचं सोनं पत्रातूनच पाठवतेय. आपट्याचं पान वाटेत चुरगळलं तर दोष माझा नाही, तुमच्या जुन्या खात्याचा. फोनवर चार ओळी लिहिल्या की तुम्ही नुसता अंगठा पाठवता, आणि मग बाबांना सांगता की भाचीनं विचारपूस केली नाही. म्हणून हे टपालाचं पाकीट. तीस वर्षं पाथरीच्या पोस्टात शिक्के मारलेल्या बाईला खूश करायला आणखी काय करावं माणसानं?

एक सल्ला हवा आहे. मी फोनवर 'गडकोट' नावाचा खेळ खेळते ते तुम्हाला ठाऊक आहेच, कारण 'पोरगी बी.ए. होऊन फोनमध्ये दगडं रचते' हे वाक्य तुमचंच आहे. त्यात प्रत्येकाला एक उघडा डोंगर मिळतो. त्यावर गड बांधायचा, रोज दिवा लावायचा, पथकाच्या कोठारात शिधा टाकायचा. महिनाभर दिवा लागला नाही तर गड ढासळतो. आमच्या पथकाचं नाव 'पोखर्णीचा नरसिंह'. माणसं त्रेचाळीस, सगळी आपल्याच जिल्ह्यातली. तीन वर्षांपूर्वी पंकजानं आणि मी ते उभं केलं, आणि प्रमुख मी. पंकजा म्हणजे बारावीपर्यंत माझ्याच बाकावर बसणारी, पोखर्णीला दिली ती. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते.

आता खेळाच्या कंपनीनं मला विचारलंय की 'समाजदूत' होता का. म्हणजे कंपनीचं म्हणणं मराठवाड्यातल्या खेळाडूंना सांगायचं आणि खेळाडूंचं कंपनीला. पथकाचं प्रमुखपदही ठेवायला हरकत नाही म्हणतात. पथकात यावरून दोन तट पडलेत. जिंतूरचा धम्मपाल वकिली शिकतो, तो म्हणाला की ज्यानं बॅट धरायची त्यानंच बोट वर करायचं, हे कुठल्या मैदानात चालतं? पंकजानं मात्र निरोप दिला की घे बिनधास्त, आपलं एक तरी माणूस आत बसू दे.

मला घ्यावंसं वाटतंय, खोटं कशाला बोलू. तुमचं मत कळवा. मामांच्या डोळ्यांचं काय झालं तेही लिहा.

माया आहेच, तिला वरचेवर पाणी घालत राहावं.

आपली,
ज्ञानेश्वरी

---

पाथरी
दि. २३ ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानेश्वरीस,
झुंबर आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पिनकोडचा शेवटचा आकडा चुकला होता, तरी पोचलं, यावरून माझ्या खात्याला नावं ठेवायची की नाही ते तूच ठरव. सोन्याचं पान तुझ्या मामांनी देवाजवळ ठेवलं आणि पंधरा मिनिटांनी तेच शोधत बसले. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर मी त्यांची काठी आणि ते माझी करमणूक.

तुझा दूतपणाचा मामला वाचला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! त्रेचाळीस माणसं सांभाळून हात रिकामे राहिले होते का तुझे?

बाकी विचारलंस म्हणून सांगते. दूत होणं वाईट नाही. श्रीकृष्णसुद्धा शिष्टाईला गेला होता. पण तो कुणाकडून आलाय हे अख्ख्या दरबाराला माहीत होतं. पथकाचा प्रमुख हा पथकाचा असतो. दूत हा मधल्या वाटेवरचा. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी माणसं मी पोस्टाच्या खिडकीतून पुष्कळ पाहिली. त्यांना दोन्हीकडून राम राम मिळतो, चहा मात्र कुणी विचारत नाही.

तुझे आजोबा ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते, हे तुला माहीत आहे. मुकादम म्हणजे टोळीचाही म्होरक्या आणि कारखान्याचाही माणूस. त्याचं काय झालं ते कधीतरी सांगेन. आत्ता सांगितलं तर तू म्हणशील, आत्याला प्रत्येक गोष्टीत गोष्टच सुचते.

नको म्हणत नाही मी. घ्यायचं तर घे. फक्त बोलताना कुठली टोपी डोक्यावर आहे ते आधी सांगत जा.

वहिनीला सांग, कुरडया संपल्या. एवढं सोडून बाकी सगळं क्षेम आहे असं समजावं.

तुझी,
झुंबर आत्या

---

बोरी
दि. ११ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
समाजदूत ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

बघा, टोपी आधीच सांगितली!

झाले एकदाची. कंपनीचा पिवळा टी-शर्ट आला. पाठीवर एवढं मोठं 'समाजदूत'. आईनं तो बघून विचारलं की हे घालून लोकांच्या दारी काय मागायचं असतं. दादा येताजाता नारायण नारायण म्हणतो. बाबांनी तो नुसता उलटसुलट करून पाहिला, पण पारावर चारचौघांना सांगून आले, हे मला दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात कळलं.

मुलाखत फोनवरच झाली. कंपनीच्या माधवी मॅडम होत्या, लय गोड बाई. निम्म्या मुलाखतीत आपली शेळी मागून डोकावत होती, तरी त्या हसल्या नाहीत. आधी एक अर्ज भरायचा होता. त्यात विचारलं होतं की तुमच्या पथकाचं वेगळेपण काय. मी दोन पानं भरून सावडीबद्दल लिहिलं. शेतात आज तुमच्या खुरपणीला आम्ही, उद्या आमच्या खुरपणीला तुम्ही, तसंच आमच्या पथकात चालतं. दिवाळीनंतर अकराजण ऊसतोडीला जातात. तिकडं रेंज नसते. मग जाताना ते आपापला पासवर्ड माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून देतात, आणि आम्ही घरचे लोक सहा महिने त्यांच्या गडावर दिवा लावतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या परीक्षा आल्या की ते आमचे दिवे लावून सावड फेडतात. तीन वर्षांत एकाचाही गड ढासळला नाही. मॅडमनी हे सगळं पुन्हा विचारून नीट लिहून घेतलं. बहुतेक कुठंतरी छापणार असतील.

पंकजा परवाच गेली. यंदा पासवर्डाच्या खाली तिनं लिहिलंय की बुरुजावर चाफा लावलाय, त्याला पाणी घालायला विसरलीस तर तंगडं मोडीन.

मामांना ऑपरेशनसाठी शुभेच्छा. कुरडया येसटीनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवल्या आहेत, पत्ता आईनं घातलाय, म्हणजे पिनकोड बरोबर असेल.

तुमच्या लोभावर माझा हक्क आहे, तो दर पत्री वसूल करू द्यावा.

आपली,
ज्ञानेश्वरी

---

उसाचा फड
मुक्काम: वाटेगावच्या शिवारात, कोपी नंबर सात
दि. ८ डिसेंबर २०२४

समाजदूत ज्ञानेश्वरी मॅडम यांस,
पंकजाचा स. न. वि. वि.

मागच्या गुरुवारी गाडी खाली व्हायला कारखान्यावर गेली, तेव्हा तासभर उसंत मिळाली. आमचे परमेश्वरराव म्हणाले की चल, कालव्याच्या बांधावर रेंज येती म्हणतेत. चढलो. म्हणलं चाफा बघावा.

फोननं सांगितलं, आपण आता या पथकाच्या सदस्य नाही. खाली लिहिलं होतं, काढणार: ज्ञानेश्वरी, पथकप्रमुख. आणि त्याच्याखाली एक सूचना, एक गड, एक हात, नियम सर्वांसाठी. त्याखाली पुन्हा ज्ञानेश्वरी, समाजदूत. एका पानावर दोनदा नाव बघून वाटलं, किती मोठी झाली आमची ज्ञानी! दोन सह्या करायला लागली.

परमेश्वरराव म्हणाले की काही चुकून झालं असंल. मीपण तेच म्हणाले. मग बघितलं तर अकराच्या अकरा गेलेले. अकरा वेळा चुकून कसं होईल बाई?

खेळच आहे, काही पोट भरत नाही त्यानं. इथं पहाटेपासून मोळ्या बांधून हाताची सालं निघतात, तिथं फोनमधल्या चाफ्याचं काय घेऊन बसायचं. पण तुला म्हणून सांगते, सहा महिने घराला कुलूप असतं तेव्हा कुठंतरी आपल्या नावाचा दिवा लागतोय, हे बरं वाटायचं. मोळी उचलताना आठवायचं.

तुला काढायचंच होतं तर काढायचं. एक ओळ आधी लिहायची होती. पत्ता तुला माहीत हाय, दरवर्षी तिळगूळ पाठवतेस की.

मीच म्हणाले होते, आपलं एक माणूस आत बसू दे. बसलं.

मोठ्या लोकांकडे लोभ मागायचा नसतो, म्हणून इथंच थांबते.

पंकजा

---

बोरी
दि. १७ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पंकजाचं पत्र जोडलंय. आधी ते वाचा, मग मला काय बोलायचं ते बोला.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. माझ्या त्या दोन पानांची कंपनीत खरंच दखल घेतली गेली. माधवी मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या की दुसऱ्याच्या गडात पासवर्डानं शिरणं नियमाबाहेर आहे, कारण अशाच वाटेनं लोकांचे गड चोरीला जातात. पंधरा दिवसांत ते अकरा जण काढले नाहीत तर अख्खं पथक बंद होईल. प्रमुख म्हणून काढायचं मीच, आणि दूत म्हणून नियम जाहीर करायचा तोही मीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मला वाटलं, बत्तीस जण तरी वाचतील. वाटलं, पंकजाला मग सावकाश पत्र लिहू. रोज कागद काढत होते आणि 'प्रिय पंकजा'च्या पुढं हात चालत नव्हता. शेवटच्या दिवशी मी अकरा वेळा बटण दाबलं. पथकाला सांगितलं की कंपनीचा नियम आहे. धम्मपालनं विचारलं की हे प्रमुख बोलायलीय का दूत? मी फोन पालथा ठेवला.

टी-शर्ट ट्रंकेत टाकलाय. दादानंही नारायण नारायण बंद केलंय, याचंच जास्त वाईट वाटतं. आत्या, तिनं मला मॅडम लिहिलंय. पहिलीपासून ती मला ज्ञानी म्हणते.

काय करू ते सांगा.

ज्ञानेश्वरी

---

पाथरी
दि. २४ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानेश्वरीस,
अ. उ. आ.

रडून झालं असेल तर वाच. नसेल झालं तर आधी रडून घे, शाई पसरते. तुझे मामा आता एका डोळ्यानं स्वच्छ बघतात आणि त्या डोळ्याला घरातली जळमटं तेवढी दिसतात. पंकजाचं पत्र त्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता वाचता थांबले. म्हणाले की ऑपरेशनचा डोळा आहे, पाणी येतं.

तुझ्या दोन चुका. पहिली, अर्जात सगळं भडाभडा लिहिलंस. ते भोळेपण आहे, ते मी माफ करते. कंपनीवाले चोरी म्हणतात त्याला आपण सावड म्हणतो, हे तुझ्या ध्यानातच आलं नाही. आणि नियम काही वेडा नाही बरं का. मीसुद्धा तीस वर्षांत एकाची रजिस्ट्री दुसऱ्याच्या हाती दिली नाही, सख्ख्या जावेलाही नाही. चार महिने अबोला सोसला. पण नियम करणाऱ्यांना फड म्हणजे काय हे ठाऊक नाही. ते उंटावरून शेळ्या हाकतात.

दुसरी चूक, न बोलता बटण दाबलंस. त्यावर आता आजोबांची गोष्ट ऐक.

मी नऊ वर्षांची होते, फडावर आईबरोबर गेले होते. संक्रांतीला टोळीला सुट्टी ठरली होती. बायकांनी तीळ कुटून ठेवले होते. कारखान्याकडून सांगावा आला की सुट्टी रद्द, दुसऱ्या फडावर निघा. बाबांनी, म्हणजे तुझ्या बन्सीधर आजोबांनी, आमच्या पाचटाच्या झोपडीसमोर, कोपीसमोर, उभं राहून तो हुकूम आपल्याच आवाजात वाचला. सिताराम नावाचा म्हातारा तोड्या होता. तो चिडला नाही. त्यानं एवढंच विचारलं की बन्सी, आज तू कुणाकडून बोलायलास तेवढं सांग, म्हणजे आमी काय समजायचं ते समजतो. बाबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्या दिवशी त्यांनी तिळगूळ वाटायला हात पुढं केला आणि सितारामनं तो घेतला, पण गोड बोला म्हणाला नाही.

पुढच्या हंगामाला बाबांनी टोळी बसवून सांगितलं की मला एकच काम झेपतं. टोळीनं ठरवलं की तू कारखान्याकडं राहा, तिथं आमचं ऐकणारं कुणी नाही, आणि म्होरक्या सिताराम. मग दर हंगामात त्या दोघांची कडाक्याची भांडणं व्हायची. सगळा फड ऐकायचा. आणि भांडण झालं की दोघं एकाच किटलीतला चहा प्यायचे.

कुठली टोपी ठेवायची ते मी सांगणार नाही. ज्यांनी पहिली घातली त्यांना विचार. पण पंकजाला आज लिही. 'प्रिय'च्या पुढं हात चालत नसेल तर 'प्रिय' गाळ.

बाकी सगळं देवाच्या आणि पोस्टाच्या हवाली.

तुझी,
झुंबर आत्या

---

बोरी
दि. ५ जानेवारी २०२५

पंकजे,

चुकलं माझं. घाबरले होते. पथक जाईल म्हणून नाही, तुला सांगावं लागेल म्हणून. नियमाच्या मागं लपले. दोन सह्या केल्या, कारण एका सहीमागं उभं राहायची हिंमत नव्हती.

काल मी पथकाला सगळं सांगितलं, अर्जातल्या दोन पानांसकट. मग म्हणाले की मला एकच काम झेपतं, कुठलं ते तुम्ही ठरवा. दिवसभर नुसती घमासान. पाथरीच्या प्रियांकानं मला शेलक्या शब्दांत धुतलं, आणि ते बरोबरच होतं. शेवटी धम्मपाल म्हणाला की हिला दूतच राहू द्या. कोपी, फड, टायरगाडी म्हणजे काय हे कंपनीत सांगायला दुसरं कोण आहे, आणि हिला बडबडायची हौसही आहे. ते सर्वांना पटलं. हौसेबद्दल एकाचंही दुमत नव्हतं.

प्रमुखपदासाठी बत्तीसपैकी सव्वीस जणांनी एकच नाव घेतलं. तुझं. मी म्हणाले की ती पथकात नाही, मीच काढलंय तिला. प्रियांका म्हणाली की मग तूच बोलव.

म्हणून बोलावतेय. आपला गड आपल्याच हातानं चालवला तर कंपनीची हरकत नाही, म्हणून तुम्हा अकराही जणांना परत यायचं निमंत्रण गेलंय. ते महिनाभर राहतं. त्यावर 'हो' ज्याचं त्यानंच दाबायचं आहे. तुझ्याऐवजी ते मी दाबू शकत नाही. वहीचं मागचं पान मी फाडलं.

एक वाईट गोष्ट आहे, ती माझ्याकडूनच ऐक. तुझ्या गडाची तटबंदी पडली. चाफा गेला. मी रोज बाहेरून बघत होते, आत येता येत नव्हतं.

कंपनीकडं मी अर्ज केलाय की ऊसतोडीच्या हंगामात गडाला कुलूप घालायची सोय द्या, म्हणजे दिवा नाही लागला तरी गड पडणार नाही. या वेळी चार पानं लिहिलीत. माधवी मॅडमनी फोन करून विचारलं की एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक मजूर, हे खरं का? मी म्हणाले, खरं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

सोबत तिळगूळ आहे. गोड बोलायचं की नाही ते तू ठरव. लोभ तू कमी केलास तरी माझ्याकडचा शिल्लक आहे, तो दोघींना पुरवू.

ज्ञानी

---

उसाचा फड, कोपी नंबर सात
दि. १९ मार्च २०२५

मा. समाजदूत यांस,
पथकप्रमुख, 'पोखर्णीचा नरसिंह', यांजकडून स. न. वि. वि.

विषय: तक्रार.

आपण पुढच्या हंगामापासून गडाला कुलूप मिळेल असं जाहीर केलं, त्याबद्दल पथक आभारी आहे. पण ते कुलूप पाच महिन्यांचं आहे. आमचा हंगाम कधी सहा महिनेही चालतो. वरच्या महिन्यात आमचे गड काय आपल्या काकांनी राखायचे? कंपनीला विचारून खुलासा करावा. आपली भाषा फार गोलगोल असते, अशीही सदस्यांची तक्रार आहे. आणि पिवळा टी-शर्ट घालून पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळात फोटो काढल्याचं कळलं. पिवळा रंग आपल्याला शोभत नाही. ही तक्रार नाही, माहिती हाय.

उत्तर पंधरा दिवसांत यावं. नाहीतर पथक आपल्याशी कडाक्याचं भांडण करील.

एवढं प्रमुखाचं झालं. आता टोपी काढते.

ज्ञाने, तिळगूळ पोचला होता. निमंत्रणाचं 'हो' मी फेब्रुवारीत दाबलं, शेवटच्या दिवशी. मुद्दामच थांबवलं तुला. परमेश्वरराव म्हणाले की किती छळशील. मी म्हणाले, अजून दोन दिवस. आम्ही अकराही जण परत आलोय. गडावर एक पायरी तेवढी उभी हाय. बांधू हळूहळू, घाई कुणाला आहे.

आम्ही पाडव्याच्या आदल्या दिवशी पोचतो. घर पाच महिने बंद आहे. दरवर्षी रात्रंदिवस गाडीत हेंदकाळून यायचं आणि आल्या आल्या हातात झाडू घ्यायचा, जळमटं काढायची, उंदरांनी काय काय नेलं ते बघायचं. यंदा माझ्या हातात जीव राहिला नाही बघ. तू बोरीहून सकाळच्या गाडीनं आधीच ये. दार उघड, झाडून घे, रांजण भर, आणि आम्ही फाट्यावर उतरायच्या आत देवाजवळ दिवा लावून ठेव. मागची सावड तुझ्याकडं राहिलीय, ती फेड.

याला पासवर्ड लागत नाही. किल्ली शेजारच्या दगडाबाईकडं हाय. मी तिला निरोप दिलाय की समाजदूत आली तर देऊ नको, ज्ञानी आली तर दे.

पंकी